खालच्या पायरीवरचा सर्वोत्तम हंगाम कोणाचा?

मंडळी, वडोदऱ्यात बसून बेसबॉलवर लिहायचं म्हणजे खंडेराव मार्केटात ऐन आंब्याच्या दिवसांत सफरचंदांची टोपली घेऊन बसण्यासारखं आहे. हे विजय हजाऱ्यांचं गाव. १९४७ च्या मार्चमध्ये इथेच होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, हे आपल्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तरीही या महिन्यात टोपली बेसबॉलचीच. गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच वाद चालू आहे आणि तो इतका रंगलाय की तुम्हाला त्यात ओढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वाद असा: अमेरिकेतल्या मायनर लीगच्या इतिहासात एका हंगामातली सर्वांत थोर फलंदाजी कोणाची?

वादाला कारण माझा भाचा. तो गेली बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला असतो. तिथला डरहॅम बुल्स हा संघ मायनर लीगमधला. भाच्याचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मला मामाआजोबा म्हणतो आणि आकड्यांच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्या तर नाहीच नाही. रविवारी सकाळी आपल्याकडे पोहे होतात तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची रात्र असते, आणि मॅच बघून आलेली ही दोघं फोनवर माझ्यासमोर भांडतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेजर लीग म्हणजे वरचे तीस संघ. त्यांच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात. आज प्रत्येकी चार, म्हणजे एकूण १२०. सर्वांत वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, मग ए च्या दोन पायऱ्या. पूर्वी ही उतरंड बरीच लांब होती: बी, सी, डी पर्यंत. गावोगावी संघ होते आणि बरेचसे कोणाच्याही हाताखाली नव्हते, स्वतःच्या तिकिटविक्रीवर जगत होते. तेव्हा मायनर म्हणजे केवळ शिकाऊ उमेदवारी नव्हे. कित्येकांचा सगळा जन्म तिथेच गेला.

दुसरी गोष्ट सरासरीची. आपल्याकडे सरासरी म्हणजे बाद होण्यामागे धावा. तिथे फलंदाजाला मिळालेल्या दर संधीमागे यशस्वी फटके किती, ते मोजतात. दहातल्या तिनात यश म्हणजे .३००, आणि तो खेळाडू उत्तम. चार म्हणजे .४००, मेजर लीगच्या पूर्ण हंगामात हे शेवटचं टेड विल्यम्सने १९४१ मध्ये केलं, त्यानंतर कोणीही नाही. आणि आरबीआय म्हणजे तुमच्या फटक्यावर किती धावा घरी आल्या, तो आकडा. एवढ्यावर वाद कळायला हरकत नाही.

भाच्याचा उमेदवार जो बाउमन. वर्ष १९५४, गाव न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल. हो, तेच, उडत्या तबकड्यांचं. संघाचं नाव रॉकेट्स. लीग लाँगहॉर्न, दर्जा सी, म्हणजे शेवटून दुसरी पायरी. या डावखुऱ्या धिप्पाड माणसाने १३८ सामन्यांत ७२ होमरन मारले, २२४ आरबीआय केले आणि सरासरी राखली .४००. शिवाय पिचर घाबरून चेंडू बाहेर टाकायचे म्हणून १५० वेळा तो नुसता चालत पहिल्या बेसवर गेला. या ७२ च्या वर एका हंगामात कोणी गेलं ते थेट २००१ मध्ये, बॅरी बाँड्सने मेजर लीगमध्ये ७३ मारले तेव्हा. सत्तेचाळीस वर्षं टिकलेला विक्रम, आणि तो करणाऱ्याचं रॉझवेलमध्ये स्वतःचं पेट्रोल पंपाचं दुकान होतं.

शेवटच्या दिवसाची गोष्ट भाचा दर रविवारी नव्याने सांगतो. तोपर्यंत मायनरचा विक्रम ६९ चा होता आणि बाउमनही ६९ वर. हंगामाचा शेवटचा दिवस, ५ सप्टेंबर, आर्टेशिया गावात लागोपाठ दोन सामने. पहिल्या सामन्यात सत्तरावा गेला, दुसऱ्यात आणखी दोन. त्या काळी तिथे अशी रीत होती की घरच्या मैदानावर होमरन मारला की फलंदाज प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी जायचा आणि लोक जाळीतून डॉलरच्या नोटा सरकवायचे. बाउमनसाठी ती गंमत नव्हती, महिन्याच्या हिशेबातली रक्कम होती.

बाउमन मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही. मधल्या काळात ब्रेव्ह्ज संघाशी पगारावरून बिनसलं तेव्हा तो सरळ उठला आणि ओक्लाहोमातल्या एल्क सिटीत अर्धव्यावसायिक संघात जाऊन खेळायला लागला. तिथे जास्त मिळत होतं.

आता यावर पंधरा वर्षांच्या मुलाचा आक्षेप ऐका. “रॉझवेल समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. हवा विरळ, कोरडी. चेंडू जास्त लांब जातो. समोरचे पिचर सी दर्जाचे. आणि बाउमन तेव्हा बत्तीस वर्षांचा. बत्तिशीतला माणूस कोवळ्या पोरांना बदडतोय, त्यात काय मोठं?”

वयाचा मुद्दा मला आधी पोरकट वाटला होता, पण नाही, तो वाजवी आहे. मायनर लीगमध्ये कोणी काय केलं यापेक्षा कोणत्या वयात, कोणत्या पायरीवर केलं हे पाहतात. एकोणीस वर्षांचा मुलगा जर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षांच्या पिचरांना .३०० ने खेळला तर त्याच्या अंगात काहीतरी आहे. बत्तिशीत त्याच पायरीवर .४०० काढली तर लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

म्हणून मुलाचा उमेदवार व्लादिमीर गरेरो ज्युनिअर. वर्ष २०१८, वय १९. ९५ सामन्यांत .३८१. त्यातही डबल-ए मध्ये, म्हणजे जिथे खरे पिचर भेटायला लागतात तिथे, ६१ सामन्यांत .४०२. होमरन फक्त २०, पण मुलाच्या मते होमरन मोजणं हे आमच्या पिढीचं खूळ आहे. त्याला हवा असतो तो समायोजित आकडा: लीगची सरासरी १०० धरायची, मैदानाचा फायदा-तोटा काढून टाकायचा आणि मग फलंदाज शंभराच्या किती वर आहे ते पाहायचं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटकन कळतं. महागाई वजा केल्याशिवाय १९५४ च्या रुपयाची आजच्या रुपयाशी तुलना करत नाहीत, तसंच.

मैदानाने काय फरक पडतो त्याचं सर्वांत गमतीदार उदाहरण जो हाउझरचं. १९३३ मध्ये मिनियापोलिसच्या संघाकडून त्याने ६९ होमरन मारले. हाउझर डावखुरा, डावखुऱ्याचा ओढलेला फटका उजवीकडच्या सीमेला जातो. आणि मिनियापोलिसच्या निकोलेट पार्कची उजवीकडची कड होती फक्त ८५ मीटरवर. ६९ पैकी ५० होमरन घरच्या मैदानावर. झालं, निकाल लागला असं वाटेल. पण थांबा. हाच हाउझर १९२४ मध्ये मेजर लीगमध्ये २७ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये दुसरा आला होता. पहिला कोण, तर बेब रूथ. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मैदानावर, कोणाचा धक्काही लागलेला नसताना, त्याची गुडघ्याची वाटी फुटली. त्याआधी १९३० मध्ये बाल्टिमोरकडून त्याने ६३ मारले होते, म्हणजे दोन वेगवेगळ्या लीगमध्ये साठीच्या वर. तेव्हा भिंत जवळ होती हे खरं, पण त्या भिंतीपर्यंत बाकीच्यांनाही मोकळीक होतीच की.

उंचीच्या बाबतीत टोनी लझेरी. १९२५, सॉल्ट लेक सिटी, पॅसिफिक कोस्ट लीग. ६० होमरन, २२२ आरबीआय, .३५५, आणि स्वतःच्या धावा २०२. व्यावसायिक बेसबॉलमध्ये साठीला पोचणारा तो पहिला. पण शहर जवळपास १३०० मीटर उंचीवर, आणि किनाऱ्याकडच्या सौम्य हवेमुळे या लीगचा हंगाम इतका लांब की लझेरी १९७ सामने खेळला. मेजरमध्ये तेव्हा १५४ होते. दोन वर्षांनी रूथने साठ मारले ते त्या १५४ च्या हंगामात. गंमत म्हणजे तेव्हा लझेरी त्याच न्यूयॉर्क यांकीज संघात होता. त्याने १८ मारले आणि तेवढ्यावरही तो लीगमध्ये तिसरा आला, कारण मध्ये रूथ आणि गेरिग सोडून कोणी नव्हतंच!

पॅसिफिक कोस्ट लीगबद्दल एक लक्षात ठेवा. १९५८ पर्यंत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मेजर लीगचा एकही संघ नव्हता. त्यामुळे तिथले चांगले खेळाडू तिथेच राहायचे, पगारही बरे होते. नाव मायनर, पण खेळ मोठा. म्हणून त्या लीगमधले आकडे मी सी दर्जाच्या आकड्यांपेक्षा जड मानतो. आणि त्यात निव्वळ आकड्यांवर बोलायचं तर माझ्या मते आइक बूनच्या जवळपास कोणी जात नाही. १९२९, सॅन फ्रान्सिस्कोचा मिशन संघ. १९८ सामन्यांत ३२३ फटके, .४०७, ५५ होमरन, २१८ आरबीआय आणि एकूण बेस ५५३. हा शेवटचा आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही. पुढच्या वर्षीही तो .४४८ वर होता, तेवढ्यात ब्रुकलिनने त्याला उचललं. मेजरमध्येही त्याची एकूण सरासरी .३२१ आहे. मग तो तिथे का रुजला नाही? पाय जड होते. क्षेत्ररक्षण यथातथा. आजच्या नियमात नुसती फलंदाजी करणारा खेळाडू ठेवता येतो. बूनच्या वेळी तशी सोय नव्हती.

त्याच मिशन संघाचा ऑस्कर एकहार्ट. १९३५ मध्ये शेजारच्याच संघातल्या वीस वर्षांच्या जो डिमॅजिओने .३९८ काढली, ३४ होमरन मारले, १५४ आरबीआय केले; तरी सरासरीत पहिला आला एकहार्ट, .३९९ ने. दोन वर्षांपूर्वी त्याने .४१४ काढली होती. डिमॅजिओ पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेला आणि अमेरिकेचा लाडका झाला. एकहार्टच्या नावावर मेजर लीगचे सामने आहेत अवघे २४. आणि जाता जाता सांगतो: डिमॅजिओने १९४१ मध्ये मेजरमध्ये लागोपाठ ५६ सामन्यांत फटका मारला, हे क्विझमध्ये नेहमी विचारतात. त्याचाच त्याहून मोठा विक्रम मायनरमधला आहे, १९३३ मध्ये लागोपाठ ६१ सामने, वयाच्या अठराव्या वर्षी. तो कोणी विचारत नाही.

या टप्प्यावर भाच्याने दुसरं नाव पुढे केलं, बॉब क्रूज. १९४८, टेक्ससमधलं अमारिलो. १४० सामन्यांत ६९ होमरन, .४०४, आणि आरबीआय २५४. मेजर लीगचा सार्वकालिक विक्रम १९१ आहे, यावरून कल्पना करा. आणि हा माणूस मुळात पिचर होता! त्याचा एक फटका सीमेपलीकडच्या फलकाला लागून परत मैदानात आला आणि अंपायरने तो होमरन धरला नाही, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. धरला असता तर तेव्हाच सत्तर.

१९४८ म्हटल्यावर मी त्यांना थांबवलं, कारण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम हाताच्या अंतरावर होता आणि पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकर आपल्या बडोद्याकडूनही खेळले, होळकरांकडूनही. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या इंदूरच्या मंडळींचाही त्यांच्यावर तेवढाच हक्क. कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही. मुलाला हे नवीन होतं. त्याने विचारलं, “समोरची बोलिंग कशी होती?” असा प्रश्न बडोद्यात विचारला असता तर चहा मिळाला नसता, पण प्रश्न रास्तच आहे, आणि क्रूजला जो लावायचा तो नियम आपल्या माणसालाही लावायला हवा. एकच सामना आणि अख्खा हंगाम यांत फरक आहेच. तरी दोघांनाही वरून बोलावणं आलं नाही, एवढं सारखं.

बोलावणं येणं-न येणं हा या वादातला खरा कडू भाग. २००५ मध्ये ब्रँडन वुड या वीस वर्षांच्या पोराने कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन मारले. वय बरोबर, आकडे बरोबर. सगळ्यांनी त्याला उद्याचा तारा ठरवलं. त्या लीगमधली काही मैदानं वाळवंटी वाऱ्याची, फलंदाजांचं नंदनवन. मेजर लीगमध्ये त्याची एकूण सरासरी .१८६ राहिली. दुसरीकडे क्रिस ब्रायंट. २०१४ मध्ये दोन पायऱ्यांवर मिळून .३२५ आणि ४३ होमरन. तयार होता, सगळ्यांना दिसत होतं. तरी २०१५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला खालीच ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. कारण नियमानुसार १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. त्याचे भरले १७१. एका दिवसाने त्याचा करारमुक्त होण्याचा हक्क एक वर्ष लांबला. सरकारी नोकरीत तुटक सेवा दाखवण्याची युक्ती ज्यांनी भोगली आहे त्यांना अमेरिकेतला हा हिशेब समजावून सांगायला नको.

आणि पगार! वरचे खेळाडू कोटींनी कमावतात म्हणून खालचेही सुखात असतील असं आपल्याला वाटतं. २०२२ मध्ये मायनरच्या खेळाडूंनी प्रथमच संघटना केली, २०२३ मध्ये करार झाला. तेव्हा कुठे ट्रिपल-ए चा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला. म्हणजे मेजर लीगच्या उंबरठ्यावरचा खेळाडू त्याआधी दुकानातल्या मदतनिसाइतकंही मिळवत नव्हता. माइक हेसमनने अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये एकूण ४३३ होमरन मारले, तो तिथला विक्रम आहे. त्याने मागे टाकलेला बझ आर्लेट ४३२ वर होता. हेसमन मेजरमध्ये खेळला १०९ सामने. बाकी सगळी वर्षं बसचा प्रवास.

थोड्या सामन्यांचे आकडे मी बाजूला ठेवतो, पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५१ मध्ये वीस वर्षांचा विली मेज मिनियापोलिसला आला. ३५ सामन्यांत .४७७! मे महिन्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्याला वर बोलावलं, तेव्हा मिनियापोलिसचे लोक इतके हिरमुसले की जायंट्सच्या मालकाने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माफी मागितली. आपल्याकडे खेळाडू नेला म्हणून कोणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. आणि वर गेल्यावर पहिल्या २६ संधींत मेजचा फटका एक. फक्त एक.

आता माझा उमेदवार. त्याचं नाव घेतलं तेव्हा फोनच्या पलीकडे दोघंही हसले, कारण त्या हंगामात त्याचे होमरन होते तीन.

जॅकी रॉबिन्सन, १९४६, माँट्रियल रॉयल्स, इंटरनॅशनल लीग. सरासरी .३४९, लीगमध्ये पहिला. धावा ११३. चोरलेले बेस ४०. १२४ सामन्यांत फक्त २७ वेळा तीन स्ट्राइकवर बाद. हे आकडे मुळातच उत्तम आहेत, पण बूनच्या शेजारी ठेवले तर बारीक दिसतात, हे मला दिसत नाही असं नाही.

त्याआधीच्या सहा दशकांत या सगळ्या लीगचे दरवाजे काळ्या खेळाडूंना बंद होते. वर ज्यांचे आकडे मी सांगितले त्यांपैकी बून, लझेरी, हाउझर, डिमॅजिओ, एकहार्ट यांच्या समोर त्या हंगामांत एकही काळा पिचर आला नव्हता. मुलगा उंची वजा करतो, वारा वजा करतो, भिंत वजा करतो; हे कुठे वजा करतो, असं मी त्याला विचारलं. तो पहिल्यांदाच गप्प बसला.

रॉबिन्सनच्या वाट्याला त्या वर्षी काय आलं? फ्लोरिडात सरावासाठी गेले तर जॅक्सनव्हिलला मैदानाच्या फाटकाला कुलूप. डीलँड गावाने सांगितलं की दिवे बिघडलेत, आणि सामना दिवसाचा होता. संघासोबतच्या हॉटेलात त्याला जागा नाही. ब्रँच रिकी या मालकाने आधीच शब्द घेतला होता की काहीही झालं तरी उलट बोलायचं नाही. शिवाय तो शॉर्टस्टॉपवर खेळत आलेला. इथे त्याला सेकंड बेसची नवी जागा शिकायची होती, आणि त्या जागेवर धावत येणारा प्रतिस्पर्धी मुद्दाम बूट रोखून येऊ शकतो. बाल्टिमोरला आणि सिरॅक्यूजला त्याने जे ऐकलं ते या अंकात छापण्यासारखं नाही. हंगामाच्या अखेरीस त्याची झोप-भूक गेली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती पुरी न घेता तो परतला. रॉयल्सने लीग जिंकली, मग लुइव्हिलला हरवून लिटल वर्ल्ड सिरीजही. शेवटच्या सामन्यानंतर माँट्रियलचे लोक त्याला खांद्यावर घ्यायला रस्त्यातून त्याच्यामागे पळत होते.

“हे सगळं खरं,” मुलगा म्हणाला, “पण मामाआजोबा, तुम्ही माणसाला मार्क देताय, हंगामाला नाही.”

मुद्दा बिनतोड आहे असं त्याच्या बापाचं मत पडलं. माझं नाही. हंगाम म्हणजे काय हवेत लटकलेली बेरीज असते का? तो कोणीतरी, कुठेतरी, कशाच्या तरी विरुद्ध खेळलेला असतो. बाउमनच्या ७२ मधून जर आपण रॉझवेलची हवा काढून घ्यायला तयार असू, तर रॉबिन्सनच्या .३४९ मध्ये जॅक्सनव्हिलचं कुलूप मिळवायला नको? त्याला गुणक नाही, हे मान्य. गुणक नाही म्हणून ते शून्य धरायचं, हे मात्र कोणत्याही हिशेबनिसाला पटणार नाही. शिवाय एक साधी गोष्ट: रॉबिन्सनचा हंगाम वाईट गेला असता तर त्याची किंमत एकट्या रॉबिन्सनला मोजावी लागली नसती. बून अपयशी ठरला असता तर मिशनने दुसरा फलंदाज आणला असता.

यावर मुलाने आपली यादी नव्याने केली. गरेरो पहिला तो पहिलाच. बूनला त्याने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर नेलं, माझ्यामुळे. रॉबिन्सनचं नाव त्याने यादीत घातलं नाही, यादीच्या शेजारी वेगळं लिहिलंय. ही पळवाट आहे असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय आणि पुढच्या रविवारी तो मुद्दा पुन्हा घेणार आहे. भाचा बाउमनवरून हललेला नाही. तो आमच्या बहिणीसारखा, एकदा सेव-उसळीचं दुकान ठरलं की ठरलं.

ज्यांना स्वतः बाजू निवडायची आहे त्यांनी आधी एक दिवस पाहावा. १८ एप्रिल १९४६, जर्सी सिटी, रूझवेल्ट स्टेडियम. रॉबिन्सनचा पहिला सामना. पहिल्या खेपेला साधा चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला, बाद. दुसऱ्या खेपेला दोन सहकारी बेसवर असताना चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे. तिसऱ्या खेपेला त्याने सगळ्यांना चकवून नुसता बंट ठेवला, पहिल्या बेसवर पोचला, दुसरा चोरला, आणि तिसऱ्यावर गेल्यावर पिचरला इतकं हैराण केलं की त्याची चेंडू टाकण्याची लयच मोडली आणि अंपायरने रॉबिन्सनला घरी धाडलं. पाच संधींत चार फटके, चार धावा, दोन बेस चोरलेले. रॉयल्स जिंकले १४–१.